गाल कुणाचा मोजला?

माझ्या अंगावर एक काटा, वीस आकडे, एक फिरती चकती आणि काचेवर दोन ओरखडे आहेत. मित्रांनो, मी एक जुना लाइट मीटर आहे. फोटो काढण्यापूर्वी उजेड मोजणे हे माझे काम. मला बॅटरी लागत नाही. समोरून येणाऱ्या उजेडावरच माझा काटा हलतो, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

कारखान्यातून मी थेट एका फोटो स्टुडिओत आलो. मालकांना सारे 'फोटोवाले' म्हणत. "आपला मीटर कधी खोटं बोलत नाही," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी त्यांच्या गळ्यात लटकल्या लटकल्या फुगून जाई.

फोटोवाले आणि त्यांची बायको, दोघे गोरेपान. त्यांनी दुसऱ्या वंशाची एक तान्ही मुलगी दत्तक घेतली. रंग गडद काळा, केस घट्ट कुरळे, पाय एका जागी ठरायचे नाहीत. म्हणून नाव पडले भिंगरी. दर वाढदिवसाला तिघांचा फोटो निघे. आई-बाबा छान उमटत. भिंगरीच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती सावली. आठव्या वाढदिवसाचा फोटो पाहून आत्या हसली, "अगं, पुढच्या वेळी दात दाखव, म्हणजे कुठे बसलीस ते तरी कळेल!"

नवव्या वाढदिवशी भिंगरी स्टुडिओच्या दारातच अडून बसली.

"तुम्ही दोघंच काढा. मी तशीही त्यात नसतेच."

"अगं बाळा, उजेड कमी पडतो."

"तुम्हाला बरा पुरतो!"

फोटोवाल्यांनी सवयीने मला आईच्या गालाजवळ धरले. काटा बारावर गेला. भिंगरी बघत होती.

"बाबा, याला माझ्याजवळ कधी आणलंत?"

त्यांनी आधी माझ्या काट्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"खरंच की हो," आई म्हणाली. "दर वर्षी गाल माझाच!"

फोटोवाले गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी मला लेकीच्या गालाजवळ नेले. काटा दहावर थांबला.

"दोन मार्क कमी?"

"मार्क नव्हेत गं. तुझा गाल उजेड ठेवून घेतो, थोडाच परत करतो. चुकलं माझं. मी तुला मोजलंच नाही."

"मग आणखी द्या ना!"

दिवा तिच्या बाजूला सरकला. उजेड तिच्याकडे वळवायला शेजारी पांढरा पुठ्ठा उभा राहिला. काटा अकरावर चढला, आणि त्या दिवशी लेन्स तिच्या आकड्याला जुळवली गेली.

आता कॅमेरे आपले आपणच उजेड मोजतात. मी मोठ्या झालेल्या भिंगरीच्या टेबलावर असतो. ती माझी काच मऊ कापडाने पुसते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आणि माणूस मोजायचे झाले, तर आधी त्याच्याजवळ जा.

नवव्या वाढदिवसाचा तो फोटो समोरच्याच भिंतीवर आहे. धुऊन वाळला तेव्हा आत्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला.

"अगंबाई, हिला खळी पडते?"

भिंगरीने फोटोतल्या खळीवर फूटपट्टी लावली. चार मिलिमीटर.