काकांचा फोन

हे-रिमचा फोन साइटवरच्या शिडीवरून पडून खलास झाला, तेव्हा बांग साहेबांनी लगेच फर्मावलं, "आयफोनच घे हं परत. आपल्या टीममध्ये सगळ्यांकडे तोच आहे. फोटो कसे चुटकीसरशी इकडून तिकडे जातात!"

शनिवारी बुप्योंगच्या भुयारी बाजारातल्या फोनच्या दुकानात ती शिरली तीच धुमसत. सोंगदो भागातल्या एका फ्लॅटमध्ये न्हाणीघराला पांढऱ्याऐवजी राखाडी टाइल्स लागल्या होत्या. राखाडी मागव म्हणून फोनवर सांगितलं कोणी? बांगने. आणि गिऱ्हाईक खवळल्यावर "मी कधी म्हणालो?" म्हणत कानावर हात ठेवले कोणी? बांगनेच! वर सोमवारी कंपनीच्या मालकांपुढे तिने चूक कबूल करायची, नाहीतर नोकरी सोडायची. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

"आयफोन दाखवा," ती म्हणाली.

"रंग कुठला?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"कुठलाही. राखाडी सोडून."

बाई हसल्या. "तुझ्या वयाच्या पोरी आयफोनच नेतात. गॅलेक्सी म्हणे काकांचा फोन! माझी लेक तो चारचौघांत हातात धरायला लाजते. काम काय करतेस गं?"

"घरांच्या इंटिरियरचं."

बाईंनी काढलेला खोका परत ठेवून दिला. "मग काकांचाच घे. ठेकेदार, प्लंबर, दलाल, एकजणही माझ्याकडून आयफोन नेत नाही. गॅलेक्सीत प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, गुपचूप. आयफोनवर करायला जा, तो समोरच्याला सांगून मोकळा होतो, की बाबा रे, रेकॉर्डिंग चालू आहे. चोर पकडायला निघायचं आणि पुढे ढोल वाजवत जायचं!"

"पण आमचे साहेब तर म्हणाले..."

"ते स्वतः कुठला वापरतात?"

हे-रिमने आठवून पाहिलं. बांगचा फोन घडीचा गॅलेक्सी होता. जेवणाच्या सुट्टीत पोरी त्यावरून फिदीफिदी हसायच्या, ती सगळ्यांत जास्त. "काकांचा फोन, काकांचा फोन!" आणि बांगही हसायचा. "काय करणार, आम्ही पडलो म्हातारे!" मेला हसायचा! एकेका नव्या पोरीच्या हातात आयफोन यायचा आणि हा गालातल्या गालात हसायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"द्या तो काकांचाच," ती म्हणाली. "आणि रेकॉर्डिंग आत्ताच चालू करून द्या."

नंबर सुरू झाला आणि पहिलाच कॉल बांगचा आला.

"घेतलास का फोन? ऐक, सोमवारी मालकांपुढे रडगाणं गाऊ नकोस. राखाडी मीच सांगितलं होतं, बरं! पण तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? मुकाट्याने मान खाली घालायची. डोक्यात शिरलं का गं?"

"शिरलं."

"शहाणी आहेस. आयफोनच घेतलास ना?"

इथे गप्प बसायचं होतं. काउंटरमागून बाई ओठांवर बोट ठेवून खुणावत होत्या. पण तीन वर्षं मूग गिळून बसलेल्या माणसाला आणखी किती गिळता येतात?

"नाही साहेब. काकांचा घेतला."

बाईंनी कपाळावर हात मारला. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हे-रिम मॅडम," बांग म्हणाला. "तुम्ही जेवलात का?"

तुम्ही! तीन वर्षं अगं, तुगं, ए पोरी, अक्कल गहाण टाकलीस का! तिला वाटायचं, माणसाची जीभच तशी, करणार काय. आणि आज हा शब्द असा अलगद बाहेर आला. म्हणजे होता, याच्या तोंडात तो पहिल्यापासून होता. तिच्यासाठी काढायचा नव्हता इतकंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं, आणि ते तिने पुसलंही नाही.

"नाही जेवले," ती म्हणाली. "तुम्ही बोला ना, साहेब. थांबलात का? मघाशी बोलत होतात तसंच बोला."