सुई कुठे गेली

बायको गेली तेव्हा मी तिच्या खाटेशेजारी खुर्चीत झोपलो होतो. भरदुपारी. त्यानंतर आठ महिने मला धड झोप नव्हती. डोळा लागला की तिने हाक मारली असं वाटायचं आणि मी दचकून उठायचो.

शेवटी मुलीने मला संमोहन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी पडलो शिंपी, मला आडवळणाने बोलता येत नाही. म्हटलं, "मला झोपवा आणि एवढंच विचारा, तिने मला हाक मारली होती का."

"झोपेत जे ऐकलं नाहीत ते आता कुठून ऐकणार?" बाई म्हणाल्या. "मी विचारलं तर तुमचं मन काहीतरी रचून सांगेल, आणि तुम्हाला ते खरं वाटेल."

"नको हो," मुलगी म्हणाली. "आमचे बाबा कापडसुद्धा दोनदा मोजतात."

"मग जागेपणी पाहिलेलं तेवढंच आठवू या."

बाईंनी डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले. मला सगळं ऐकू येत होतं, फक्त अंग सैल पडलं होतं.

"डोळा लागला तेव्हा हातात काय होतं?"

"नातीचा फ्रॉक. घेराला तुरपाई घालत होतो."

"जाग आली तेव्हा?"

"फ्रॉक मांडीवर. हात रिकामे."

"सुई कुठे गेली?"

तो फ्रॉक त्या दिवशी पिशवीत कोंबला, तो पुन्हा बाहेर काढलाच नव्हता.

घरी आल्यावर चपलाही न काढता पिशवी उपडी केली. सुई फ्रॉकच्या कॉलरला खोचलेली होती आणि तिच्याभोवती दोरा आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला होता. मी सुई माझ्या बाहीला टोचतो आणि दोरा लोंबता सोडतो. त्यावरून तीस वर्षं बोलणी खाल्ली. "एक दिवस स्वतःलाच शिवून घ्याल," असं म्हणत माझ्या पेंगत्या हातातून सुई काढून अशी ठेवायची तिचीच रीत.

म्हणजे ती जागी होती. मी झोपलोय हे तिने पाहिलं होतं. सुई काढून दोरा गुंडाळण्याइतकी ताकद होती, तर हाकही मारता आली असती. मारली नाही. झोपू दिलं.

"शेवटपर्यंत तुमच्या मागे होती की आई," मुलगी रडत रडत हसली.

"होती," म्हणालो आणि खुर्चीत बसलो.

उठलो तेव्हा दिवे लागले होते. पायात चपला नव्हत्या.

"काय घोरता हो बाबा!" मुलगी आतून म्हणाली. "शेजारीण विचारून गेली, मशीन पुन्हा सुरू केलं का म्हणून."