घरचा झारा, दुकानचा झारा

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ज्याने पाडली त्याने मिस्त्रींचा झारा नक्की पाहिला असणार. स्वयंपाकघरातला झारा नव्हे हो. मिस्त्री निवृत्त वेल्डर, आणि त्यांना नाद मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रकिनारी हिंडायचा. मशीन वाजलं की तिथली वाळू उपसून चाळायची, त्यासाठी लागतं लांब दांड्याचं, भोकाभोकांचं खोरं. त्याला घरात सगळे झारा म्हणत. मिस्त्रींनी तो स्वतःच्या हातांनी बनवला होता. मोडीत निघालेल्या वॉशिंग मशीनच्या ड्रमचा पत्रा, त्याला जुन्या पाइपचा दांडा, आणि आतून वरच्या कोपऱ्यात दांडा पकडून ठेवणारा अंगठ्याएवढा बोल्ट. वजन असं, की दुसरा कोणी उचलायला गेला तर आधी कंबर चाचपायचा.

जावयाने वाढदिवसाला दुकानातला झारा आणून दिला होता. चकचकीत, हलका. "छान आहे हो जावईबापू," मिस्त्री म्हणाले होते, आणि त्याच संध्याकाळी तो झारा जो गाडीच्या डिकीत गेला तो तिथेच राहिला. किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती त्याची. जावई बिचारा कधी एका शब्दाने बोलला नाही. न बोलणारा जावई म्हणजे सासऱ्याच्या जिवाला जास्तच घोर.

त्या दिवशी दुपार कलल्यावर चौघं किनाऱ्यावर आली. मिस्त्री, मुलगी, जावई आणि नात. नात म्हणजे भिंगरी. पाच वर्षांची, जन्मापासून कान बंद. डोक्यात ऑपरेशन करून आत यंत्र बसवलं होतं, आणि बाहेरून कानामागे बिस्किटाएवढं गोल बटण चिकटायचं, लोहचुंबकाने. ते बटण लागलं की तिला ऐकू यायचं, काढलं की सगळं शांत. गेल्या वर्षापासून पोरगी बोलायला लागली होती. आधी 'पाणी', मग 'आबा', मग तर तोंडाचा पट्टा थांबेचना.

"बाबा, तो मशीनचा हेडफोन तिच्या डोक्यावर घालू नका हं," मुलीने येतानाच बजावलं होतं. "बटण सरकतं."

पण आजोबांना शहाणपण कुठे असतं! मशीनने एक बारीक 'टिंग' दिलं आणि मिस्त्रींना राहवेना. हा आवाज नातीने ऐकायलाच हवा. हेडफोन तिच्या डोक्यावर चढला, भिंगरी ऐकून खुदकन हसली, आणि दोन्ही हातांनी तो ओढून काढून आजोबांना परत दिला. तेवढ्यात एक लाट घोट्यापर्यंत येऊन गेली. वाळू पुन्हा गुळगुळीत झाली.

"आबा," भिंगरी म्हणाली. आवाज उगाचच मोठा, सपाट. तिने कानामागे हात नेला. तिथे काही नव्हतं.

मिस्त्रींनी वाकून पायाखालची वाळू चाचपली.

मुलगी धावत आली. ती ओरडली नाही, हेच वाईट. "खारं पाणी आत गेलं तर संपलं," ती म्हणाली. "दुसरं मिळायला कित्येक महिने लागतात, बाबा. तोवर ती काहीच ऐकणार नाही. आलेलं बोलणंसुद्धा विसरेल. डॉक्टरांनी सांगितलंय तसं."

"वाजेल. धातू आहे ना आत? वाजणारच," मिस्त्री म्हणाले, आणि मशीनची तबकडी वाळूवरून फिरवू लागले. भरती सुरू झाली होती. लाटेगणिक पाणी थोडं थोडं वर सरकत होतं.

वाजलं! असं खणखणीत वाजलं की जावयालाही ऐकू गेलं. मिस्त्रींनी झारा रोवला, पाय देऊन खोल दाबला, उचलला, हलवला. वाळू भोकांतून सळसळत खाली गेली. आत पाहिलं. दोन शिंपल्या आणि कोपऱ्यातल्या बोल्टापाशी काळ्या रेतीचा गोळा. बस्स.

मग त्यांनी झारा लांब भिरकावला. ही त्यांची शिस्त होती. झारा धातूचा, जवळ असला तर मशीन त्यालाच ओरडत बसतं; म्हणून आधी झारा दूर, मग तबकडी. खड्ड्यावर तबकडी धरली. गप्प. उपसलेल्या ढिगावर धरली. तिथेही गप्प.

"असं कसं? आत्ता तर वाजत होतं!"

"पाण्याबरोबर घसरलं असेल खाली," जावई म्हणाला.

मिस्त्री पुन्हा खणू लागले. खणायचं, चाळायचं, झारा फेकायचा, तबकडी फिरवायची, पुन्हा झारा आणायचा. दम लागला. खड्डा पाण्याने भरत होता आणि कडा ढासळत होत्या. जावई हातांनी कडा सावरत होता. शेवटी तो बोललाच.

"बाबा, तो जड आहे. तुमचा एक झारा निघतो तोवर माझे तीन निघतील. मी डिकीतला आणतो."

"खेळणं आहे ते! ओल्या वाळूत वाकेल."

"वाकू दे! पण निदान—"

"मला शिकवू नका तुम्ही. उभा जन्म लोखंडात गेला माझा."

"बाबा!" आता मात्र मुलगी ओरडली. "तुमचा झारा मोठा की माझी पोर?"

मिस्त्रींनी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, पण हे ऐकलं. तोंड कडूजहर झालं. त्यांनी झारा दोन्ही हातांनी उचलला आणि रागाने, लाजेने, सगळ्या ताकदीनिशी पाण्याकडे फेकला. लाटेच्या तोंडाशी तो आडवा पडला.

जावयाने धावत जाऊन दुकानातला झारा आणला आणि खणायला लागला. खरं सांगायचं तर काम भराभर होत होतं. मिस्त्री मशीन फिरवत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, वाज रे बाबा, एकदा वाज, हा दुकानातला झारा मी डोक्यावर घेऊन नाचेन. मशीन वाजलं नाही. मोठी लाट आली, खड्डा बुडाला, आणि लाट मागे गेली तेव्हा खड्डा कुठे होता तेही कळेना.

जावई गुडघ्यांवर बसला. भिंगरी आईचा पदर धरून सगळ्यांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. "सापडलं?" तिने त्याच मोठ्या, सपाट आवाजात विचारलं. उत्तर दिलं तरी तिला ऐकू येणार कसं?

मिस्त्रींना तिच्याकडे बघवेना. ते पाण्याकडे चालू लागले. त्यांना तो झारा हवा होता. घरी नेऊन कटरने त्याचे तुकडे तुकडे करायचे, एवढंच डोक्यात होतं.

झारा पाण्यात लोळत होता. एक लाट त्याच्या आतून गेली, सगळी वाळू धुवून घेऊन गेली, पत्रा लख्ख झाला. कोपऱ्यातला काळा गोळा मात्र तसाच. दुसरी लाट गेली. गोळा हलेना. रेती अंगावरच्या काट्यासारखी उभी राहिली होती. वाळू अशी कधी चिकटून राहते का? मिस्त्रींनी अंगठ्याने ती रेती खरवडली. खाली गुळगुळीत, गोल काहीतरी लागलं. बोल्टाला घट्ट चिकटलेलं.

लोहचुंबक! आणि ड्रमचा पत्रा, लोखंडी बोल्ट! सोनंचांदी शोधणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे येणार कुठून? सोनं काही झाऱ्याला चिकटत नाही. पहिल्याच झटक्यात बटण वर आलं होतं, आणि त्यानंतर दर वेळी मिस्त्री तबकडी फिरवण्याआधी ते स्वतःच्या हाताने लांब फेकत होते.

"पोरी! अगं पोरी!"

मुलगी आली, तिने पाहिलं आणि मटकन खाली बसली. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली, आणि हसू की रडू ते तिला कळेना. पुढच्याच क्षणी तिने पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून धार त्या बटणावर धरली.

"अगं, आणखी पाणी काय ओततेस!"

"मीठ आधी धुवायला लागतं. मग वाळवायचं." तिने बॅटरी काढली, रुमालात सगळं पुसलं. "फार वेळ होतं हो ते पाण्यात, बाबा."

होतंच. ज्याने फेकलं तो समोर उभा होता.

गाडीकडे जाताना मिस्त्री जावयाच्या बाजूने चालले. "तुमच्या झाऱ्याला लोहचुंबक चिकटत नाही. तो वापरला असता तर पहिल्याच वेळी ते आत मोकळं दिसलं असतं," ते म्हणाले. हे बोलायला त्यांना काय कष्ट पडले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"आणि बाबा, माझ्या झाऱ्यातून लाटेने ते कधीच नेलं असतं," जावई म्हणाला.

रात्रभर बटण वाळवायच्या डब्यात होतं. सकाळी मुलीने नवी बॅटरी घातली आणि हिरवा दिवा लागला.

"लागला! चालतंय!" मिस्त्री म्हणाले.

"दिवा बॅटरीचा असतो, बाबा. ऐकू येतं की नाही ते तिलाच कळणार."

भिंगरी खिडकीशी रंगांच्या कांड्या मांडून बसली होती, सगळ्यांकडे पाठ करून. आईने बटण तिच्या कानामागे नेलं. ते टक्कन चिकटलं. पोरीने मान वर केली नाही, तांबडी कांडी कागदावर फिरवत राहिली.

आता तिला हाक मारायची, एवढंच काम होतं. पण मारणार कोण? मुलीने ओठ घट्ट दाबून धरले होते. जावई दाराशी उभा, नजर जमिनीवर. हाक मारली आणि पोर वळली नाही, तर? जोवर कोणी बोलत नाही तोवर आशा आहे, असं तिघांनाही वाटत होतं, आणि म्हणून कोणीच ब्र काढेना.

शेवटी मिस्त्री पुढे झाले. चूक त्यांची, हाकही त्यांचीच. त्यांनी तोंड उघडलं. पण नाव बाहेर येईचना. बाहेर आला तो नुसता हुंदका, दाबलेला, बारीकसा.

भिंगरी वळली.

"आबा, तू रडतोस?"

मग मात्र मिस्त्रींचा बांध फुटला. म्हातारा भिंतीला टेकून हमसून हमसून, घर डोक्यावर घेत रडला. भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या आणि कानामागच्या बटणावर हात ठेवला.

"आबा, हळू ना," ती म्हणाली. "कानाला लागतं."