सुताचे घरटे

माझ्या फणीच्या डाव्या काठाजवळ ताण्याचे तेवीस उभे धागे तुटले आहेत. ते झिजून तुटलेले नाहीत. प्रत्येकाचे टोक चोचीने ओढून पिंजलेले आहे.

मित्रांनो, मी नागपूरच्या विणकरवस्तीतला एक जुना, सागवानी हातमाग. जागेश्वर विणकरांनी माझ्यावर वीस वर्षे लुगडी विणली. त्यांच्या काठांचे बाजारात कौतुक होई. पंचाहत्तर साली एका दुपारी अर्धे लुगडे टाकून ते जेवायला उठले आणि पानावरच वारले, ते परत बसलेच नाहीत. त्यांच्या पत्नीने, मैनाबाईंनी, त्या दिवसापासून कोणालाही धागा कापू दिला नाही.

पुढच्या वर्षी छपराचे मातीचे कवेलू जाऊन सिमेंटचे पत्रे आले. कवेलूंच्या फटीत चिमण्या घरटी करत. त्या फटी गेल्या, तेव्हा चिमण्यांनी माझ्या माथ्यावरच्या लाकडातली खाच निवडली. अंगणातही फरशी झाली होती. गवताची काडी मिळेना. मग त्या लुगड्याचे सूत ओढू लागल्या. पक्षी असे बदलतात, मिळेल त्यातून घर करतात. त्यांना काय मिळते, ते तुम्ही पाहायला हवे. सूत गवतासारखे तुटत नाही. बरेच धागे घरट्यात जाऊनही दुसऱ्या टोकाने माझ्याशी बांधलेले राहिले.

लाकडावर चोचीची टकटक झाली की मैनाबाई चुलीपासून विचारत, "बसले काय?" आणि पुन्हा भाकरी थापू लागत. चिमण्या नसतानाही मला कधी कधी विणताना दाबायच्या पावडीवर एका पायाचा भार जाणवे. तो कशाचा, मला सांगता येत नाही.

गेल्या चैत्रात एक पिल्लू पायात धागा अडकून लटकून मेले. मुलगी गोपिका चिडली.

"आई, आता तरी कापू दे वं. काहून ठेवलं हे?"

"त्यायचं काम हाय. तेच पुरं करतीन."

"तीन वर्सं झाले. लयच लांबलं बाबाचं जेवण!"

मैनाबाईंना हसू फुटले. पण कात्री त्यांनी काढू दिली नाही.

आज सकाळी पुन्हा फडफड झाली. लुगड्याच्या वर एक पिल्लू उलटे लटकत होते. गोपिकाने त्याला तळहातावर तोलून धरले.

"जिवंत हाय. वरती अजून तीन हायेत, आई. त्यायच्याही पायात सूत हाय."

मैनाबाईंनी कात्री आणली. ती गोपिकाच्या हाती देऊन त्या माझ्या रिकाम्या बैठकीकडे वळल्या.

"तुमी येत नाही ना आता?"



"काप वं," त्या म्हणाल्या. "सारंच काप."