बोका नावाच्या कुत्र्याचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यातला. आता दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, हा टाकायचा राहून गेला. तसं नाही. का ते सांगतो.

पिशव्यांचे बंद शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. जाड सुती पट्टी, एक बक्कल, एक कडी, आणि रंग मातकट. दुकानात मला मागच्या रांगेत टांगलं. पुढे सगळे देखणे होते. कुणाला चकचकीत खडे, कुणाला घुंगरं. एक मखमलीचा होता, तो तर माझ्याशी बोलतही नसे.

एक दिवस काकू आल्या. मागून काका, हातात पिशवी घेऊन, कंटाळलेले. दुकानदाराने घुंगरांचा पट्टा पुढे केला. "हा बघा वहिनी. कुत्रं चाललं की छुमछुम वाजतं."

"अहो, त्याला नाचायला नाही न्यायचं, दवाखान्यात न्यायचंय," काकू म्हणाल्या, आणि हात लांब करून त्यांनी मला काढलं.

काकूंची एक रीत होती. कुत्र्यासाठी काही घ्यायचं तर आधी स्वतःवर करून बघायचं. त्यांनी मला मनगटाला गुंडाळलं, कडीत बोट घालून जोरात ओढलं आणि ग्लासभर पाणी मागितलं. दुकानदाराला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी ते पाणी माझ्यावर ओतलं! रंग जातो का, ओला झाल्यावर टोचतो का, ते बघत त्या तशाच दुकानभर फिरल्या. मग म्हणाल्या, "हाच द्या."

"मला पसंत करताना एवढी पारख केली होतीस का?" काकांनी विचारलं.

"तेव्हा तुम्हाला भिजवून बघायची सोय नव्हती."

शेजारी किल्ल्या करणारा बसायचा. त्याच्याकडून त्यांनी माझ्यासाठी पितळी बिल्ला करून घेतला.

"नाव काय घालू?"

"बोका."

"मांजर आहे होय?"

"कुत्राच आहे. पिल्लू होता तेव्हा खिडकीत अंग चोरून बसायचा, म्हणून बोका."

नावाखाली फोन नंबर हवा होता. काका आपला सांगू लागले, तशा काकू म्हणाल्या, "तुमचा फोन कायम उशीखाली. माझा घाला. निदान कुणीतरी उचलेल."

असा मी बोक्याच्या गळ्यात आलो. मित्रांनो, ते दिवस सोन्याचे होते. बोक्याचं पाण्याचं भांडं जड बुडाचं होतं, धक्का लागला तरी सांडत नसे. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरत, म्हणून जाडं पायपुसणं अंथरलेलं. फरशी पुसायचं औषध वरच्या फळीवर, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण. दिखाऊ असं काहीच नव्हतं, पण प्रत्येक वस्तू काकूंच्या हातून पास होऊन आलेली. आणि दर रविवारी माझी आंघोळ. मला काढून साबणाने धुवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, मगच परत घालायचं. घातल्यावर त्या माझ्याखाली दोन बोटं सरकवून बघत. बोटं सहज गेली पाहिजेत, पण मी डोक्यावरून निघता कामा नये. "हं, बरोबर," असं त्या म्हणाल्या की बोका शेपटी आपटायचा.

मग काकू आजारी पडल्या. एक दिवस दवाखान्यात गेल्या आणि घरी परत आली ती नुसती त्यांची पिशवी. चष्मा, कंगवा, फोन. काकांनी पिशवी कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं.

लेक सासरहून येऊन राहिली होती. जाताना तिने विचारलं, "बाबा, आईचा नंबर बंद करून टाकू का?"

"राहू दे," काका म्हणाले.

तेव्हापासून ते त्या नंबरचे पैसे वेळच्या वेळी भरत. फोन मात्र त्यांनी कधी सुरू केला नाही. नंबर चालू, फोन बंद. यात काही चुकतंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

माझे रविवार बंद झाले. काका बोक्याला माझ्यासकटच आंघोळ घालत. मी ओला तो ओलाच राही, वास मारू लागलो. काकांना जेवण जात नसे, मग ताटातलं अर्धं बोक्याला. बिस्किटांची तर गणतीच नव्हती. बोक्याचा गळा भरला आणि मी त्याला रुतू लागलो. मला ते कळत होतं, मित्रांनो. पण पट्ट्याला आपला आपण सैल होता येत नाही.

काकांचे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी एक नवी दोरी आणली. बटण दाबलं की डबीतून लांबच लांब बारीक दोरी निघायची. "तू हिंड बाबा, मी इथे बसतो," असं म्हणून ते बागेतल्या बाकावर बसत. माझ्या कडीत अडकवायचा तिचा आकडा किती हलका आहे, ते कुणी ओढून बघितलं नव्हतं.

एका दुपारी रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला. बोका उधळला. आकडा तुटला आणि माझ्या कडीत त्याचा तुकडा तेवढा राहिला. "बोक्या! अरे बोक्या!" ही हाक मागे मागे पडत गेली.

बोका पळत सुटला तो एका शिलाईच्या दुकानात घुसला, मशीनखाली. शिलाईवाल्या बाई दचकल्या. मग वाकून त्यांनी माझा बिल्ला वाचला.

"बोका? अरे, तू कुत्रा ना?"

त्यांनी नंबर लावला. फोन बंद. एक झगा दुमडून शिवला, पुन्हा लावला. बंद.

"फोन बंद ठेवायचा तर गळ्यात नंबर कशाला मिरवायचा?" त्या चिडल्या.

त्यांची नणंद काजं करत बसली होती. "दे सोडून वहिनी. जाईल आपल्या वाटेने."

"वाट कुठली? समोर हमरस्ता आहे. गाडीखाली जाईल."

"मग घरी नेणार?"

"घरी खरा बोका बसलाय ना! हा दारात दिसला की तो मला घराबाहेर काढेल."

दोघी हसल्या. पण संध्याकाळ होत आली होती आणि दुकान बंद करायचं होतं. बाईंनी कापड आवरलं, दिवा मालवला. शटर अर्धं ओढलं. बोका त्यांच्या पायाला चिकटून थरथरत होता.

"थांब गं, एकदाच लावते शेवटचा."

वाजला! मित्रांनो, फोन वाजला. आणि पलीकडे कुणीतरी उचलला.

"हॅलो? हा नंबर ज्यांचा, ते आहेत का?"

"त्या... नाहीत. मी त्यांच्या घरून बोलतोय. तुम्ही बोला."

"तुमचा बोका आमच्याकडे आहे."

काका रिक्षाने आले. दुखऱ्या गुडघ्यांवर तिथेच बसले आणि बोक्याला त्यांनी कुशीत घेतलं. सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून ते घरी गेले होते. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, बिल्ल्यावर नंबर कुणाचा आहे?" मग कपाट उघडलं. "चार्जिंगला लावला. सुरू झाला आणि वाजलाच," ते सांगत होते. "वाटलं, तिचाच..."

बाईंनी त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

मग काकांनी माझ्याखाली दोन बोटं घालून बघितली. जाईनात. एकसुद्धा जाईना. त्यांनी बक्कल सोडलं. खालची कातडी लाल झाली होती, केस गेले होते.

"एवढा रुतत होता आणि बोलला नाहीस होय रे?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मलम दिलं. जखम भरल्यावर नवा पट्टा आला. काकांनी तो मनगटाला बांधून, पाणी ओतून घेतलाय म्हणे. दुकानदार पुन्हा घुंगरांचा दाखवत होता, पण त्याला काकूंचंच उत्तर मिळालं. जुना बिल्ला नव्या पट्ट्यावर गेला. किल्लीवाल्याने विचारलं, नंबर बदलू का? काकांनी मागच्या बाजूला स्वतःचा घालून घेतला. पुढचा तसाच ठेवला. मलाही टाकलं नाही; काकूंनी पारखून घेतलेला म्हणून धुऊन, उन्हात वाळवून या खिळ्यावर टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याच्या गळ्यापाशी आज दोन बोटं घालून बघा. त्याला बोलता येत नाही आणि आम्हा पट्ट्यांनाही. नंबर असा घाला, की कुणीतरी उचलेल.

माझ्या शेजारच्या फळीवर आता काकूंचा फोन असतो, चालू. कधीतरी तो वाजतो. बहुतेक वेळा काहीतरी विकणाऱ्यांचा असतो, नाहीतर चुकून लागलेला. काका हातातलं काम टाकून येतात आणि उचलतात.

"हो," ते म्हणतात, "त्यांच्याच घरून बोलतोय."