नेक्स्ट दाबायचा मान

ही जुईली भूगावातनं आमच्यात कामाला आली आन् माझ्या पोटात दुखायला लागलं, खोटं कशाला बोलू? उरवड्याच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मीच बघायचो. नवं सॉफ्टवेअर आलं की टेबलाटेबलाला जाऊन 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत बसायचं. लोक अमोलदादा म्हणून चहा पाजायचे.

सगळ्यात शेवटी स्टोअर. तितं रुपाली. स्क्रीनवरची पट्टी भरंपत्तूर ती शेजारी स्टुलावर बसायची आन् मी बोलत राहायचो. तीपण दादाच म्हणायची, पण ते आपलं कारखान्यातलं दादा. या खेपेला मी तिला लग्नाचं विचारणारच होतो.

आन् ही जुईली बया म्हणते, "दादा, फिरायचं कशाला? इथून एक कमांड दिली की सगळ्या मशीनवर आपोआप इन्स्टॉल होतं. कोणाला काही विचारतसुद्धा नाही."

साहेब तिच्यावर लई खूश. माझा नुसता जळफळाट.

"स्टोअरचं मशीन तेवढं सोड," मी म्हणालो. "जुनं हाय. त्याला हातानंच करावं लागतं."

धादांत खोटं. पण ती "बरं, दादा" म्हणाली.

बाकीच्यांचं जेवणाच्या सुट्टीतच उरकलं. मी संध्याकाळी केस विंचरून स्टोअरात गेलो.

"माझंच कसं राहिलं?" रुपालीनं विचारलं.

"जुनं हाय." मी नेक्स्ट दाबलं. पट्टी हळूहळू सरकाय लागली. आता विषय काढावा, तर बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. ती खिडकीतनं बघत राहिली. बस गेली.

"दादा, एक बोलू? तुमी बसला की दर खेपेला माझी बस चुकती. मग पिरंगुटाला जायला रस्त्यावर जीपची वाट बघत उभं राहायचं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. पुढच्या टायमाला माझं बी जुईलीलाच करू द्या."

माझं तोंड एवढंएवढंसं झालं. तरी म्हणालो, "मी सोडतो की गाडीवर."

"नको." तिनं पर्स उचलली. "जुईली गाडी घेऊन थांबलीय गेटवर. तुमी हातानं करणार म्हणजे उशीर होणार, हे तिनं दुपारीच सांगितलं. झालं की मशीन बंद करून जावा."