घरटं न बांधणारे उंदीर

भाचीने तिचं नाव उंदीरमावशी ठेवलं आणि ती काम करायची त्या प्रयोगशाळेतल्या लोकांनीही तेच उचललं. तिची काही तक्रार नव्हती. सगळा दिवस उंदरांतच जायचा. भाचीच्या अंगात जरा कणकण आली की तिला फिट यायची. आजार फार क्वचित आढळणारा, एका जनुकातल्या बारीकशा चुकीमुळे होणारा. तीच चूक या उंदरांत मुद्दाम घडवून आणलेली होती. दिव्याने पिंजरा थोडा गरम केला की त्यांनाही झटके यायचे. प्रयोग संपला की त्यांना मारून मेंदू तपासावा लागे. ते काम उंदीरमावशी स्वतः करायची, दुसऱ्यावर ढकलायची नाही.

उंदरांना नवं औषध देऊन झाल्यावर तिने दिवा लावला आणि डोळ्यांत तेल घालून बसली. एकही झटका आला नाही. त्याच आनंदाच्या भरात ती ताईकडे, म्हणजे भाचीच्या आईकडे, हे बोलून गेली, आणि तिथेच घोळ झाला. ताई रोज फोन करू लागली. औषध माणसांपर्यंत यायला वर्षं लागतात, हे तिच्या कानात शिरेना. तुझ्या हाताशीच आहे तर थोडंसं आण, असं तिने आडपडदा न ठेवता मागितलं. उंदीरमावशीने नाही म्हटल्यावर ताईने अबोला धरला.

इकडे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई खूश होत्या. उंदीरमावशीला मात्र काहीतरी खटकत होतं. पिंजऱ्यात टाकलेल्या कागदाच्या पट्ट्या जशाच्या तशा पडून होत्या. एरवी उंदीर त्या कुरतडून, ओढून बघता बघता गुबगुबीत घरटं करतात. हे आपले कोपऱ्यात बसून. दाणे टाकले तरी उठायची घाई नाही. औषधाचं प्रमाण कमी करून पुन्हा पाहायला हवं, असं तिने बाईंना सांगितलं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी होकार दिला.

मग तिने ताईला बोलावून घेतलं. पिंजऱ्यांचं चित्रीकरण दाखवलं की ताईची समजूत पटेल, असं तिला वाटत होतं. ताई मांडीवरची पर्स घट्ट धरून पडद्याकडे बघत राहिली.

"याला झटके येत नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाही येत. पण ताई, तो काहीच करत नाहीये, बघ ना."

"माझी पोरगी फरशीवर आपटते तेव्हा तू तिथे नसतेस. मला ती अशी बसलेली चालेल."

उंदीरमावशीने हे उत्तर धरलंच नव्हतं. चित्रीकरण थांबवून ती म्हणाली, "तुला चालेल. तिला चालेल का?"

ताईने पर्स उघडली, काही न काढता बंद केली. "ते तिला विचारायची माझी छाती नाही," एवढंच बोलून ती निघून गेली.

त्यानंतर काम सुरू राहिलं. प्रमाण उतरवत नेल्यावर एका टप्प्याला उंदीर पट्ट्या ओढायला लागले, दाण्यांवरून एकमेकांना ढकलायला लागले. झटकेही परत आले, पण औषध देण्याआधीपेक्षा कमी. दोन्ही गोष्टी निष्कर्षात लिहायच्या, असा तिने आग्रह धरला आणि बाईंनी तो मानला.

तिने आपणहून ताईला फोन लावला. अजून कितीतरी तपासण्या बाकी आहेत, मी कसलाही शब्द देत नाही, हे आधी सांगितलं, मग उंदरांचे झटके कमी झाल्याचं.

"कमी म्हणजे किती?" ताईने विचारलं.

"निम्मे."

पलीकडे भाची रिमोटवरून बापाशी हुज्जत घालत होती.

"निम्मे तर निम्मे. मी थांबेन," ताई म्हणाली. "पण यापुढे पक्कं झाल्याशिवाय मला काही सांगू नकोस. मला नाही झेपत ते."

उंदीरमावशीने कबूल केलं. मग दोघी भाचीच्या शाळेबद्दल बोलत राहिल्या.